वाट कुणाची बघायची?

शिरूरच्या बर्फाच्या कारखान्यातला तो माणूस मयतासाठी बर्फ न्यायला आलेल्याला नाव विचारत नसे. खांद्यावर ओलं गोणपाट टाकून, आकड्यानं लादी ओढत तो एवढंच विचारायचा, "वाट कुणाची बघायची?"

न्हावऱ्यात आमची आई वारली, तेव्हा मी सांगितलं, "थोरला भाऊ दिल्लीहून विमानानं येतोय. धाकटा इथंच, तासाभरावर, दौंडला."

"इमान दोन तासात पुण्यात टेकतं. पुढं रस्त्यानं तेवढंच लागंल. एक लादी बास." मग तो थांबला. "दौंडवाल्याचं आन् तुमचं बोलणं हाय ना?"

मी खिशातले पैसे मोजू लागलो. त्यानं आणखी दोन लाद्या ओढल्या.

दिल्लीचा भाऊ दुपारीच पोचला. दौंडच्या रस्त्याकडं बघता बघता त्या दोन्ही लाद्यांचं पाणी झालं.