बारा चौरस मीटरचा हॉल

या वयात, काही अधिकार नसताना लेखणी उचलतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण काल खालच्या मजल्यावरून ओल्या सिमेंटचा वास आला आणि मुलुंडच्या या घरातले पहिले दिवस आठवले. वास्तुशांत परवावर आली होती आणि हॉलसाठी पत्नीच्या पसंतीच्या निळ्या लाद्या आणण्याचे काम, मी गणिताचा पदवीधर म्हणून, माझ्याकडे होते. जाहिरातीत आणि करारनाम्यात हॉल बारा चौरस मीटर होता. दुकानदार मात्र चौरस फूट विचारत होता. एका मीटरचे सव्वातीन फूट, म्हणून बाराला सव्वातीनने गुणून, आलेल्या एकोणचाळीसवर एक जास्तीचा धरून मी ऐटीत चाळीस चौरस फूट लाद्या घेतल्या. लांबी आणि रुंदी दोन्हींना गुणायचे असते, हे विसरलो. मालवणी मिस्त्रीने हॉलच्या मध्यापासून काम सुरू केले आणि दुपारीच हाक मारली, "सायबांनू, लाद्ये सोपले, हॉल शिल्लक आसा! माका वाटला, बाकीचे मागसून येतत." "अहो, गणितात शंभरपैकी शंभर होते ना?" म्हणत पत्नी हसून हसून खालीच बसली. दुकानातल्या निळ्या लाद्या संपल्या होत्या. शेवटी मिस्त्रीनेच निळ्या चौकोनाभोवती पांढऱ्या लाद्या बसवल्या आणि पूजा वेळेवर झाली. आजही पाहुणे विचारतात, "जमिनीत गालिचा घालण्याची ही कल्पना कुणाची?" पत्नी माझ्याकडे बोट दाखवते आणि मी संकोचून चहा टाकायला उठतो. आता इतके लिहिलेच आहे, तर पुढच्या पाहुण्यांना खरे सांगून टाकावे का?