फणसाचं सोल

झाकण उघडेना. मी सलूनच्या जमिनीवर गुडघे टेकून बसले होते आणि हातातल्या पटाशीनं कड उचकटायचा प्रयत्न करत होते. चीफ दारात उभे होते, चपला हातात घेऊन. या जमिनीवर चपला घालून यायचं नाही हा त्यांचाच नियम. आता जमीन ठिकठिकाणी टेकाडासारखी वर आली होती, तरी ते नियम पाळत होते.

सलून म्हणजे केस कापायचं नव्हे. मोटर यॉटमध्ये बसायउठायची खोली असते, तिला सलून म्हणतात. मी यॉटच्या आतलं काम करते. रत्नागिरीत हे सांगितलं की माणसं हमखास विचारतात, "बोटीत कसली गो फरशी?" बोटीत फरशी असते. तिला आमच्या धंद्यात 'सोल' म्हणतात, बुटाच्या तळाला वापरतात तोच शब्द. त्या सोलमध्ये एक झाकण ठेवावंच लागतं, कारण त्याखाली बिल्ज असतं. बिल्ज म्हणजे बोटीच्या पोटातला अगदी तळचा खड्डा. आत आलेलं पाणी तिथे साठतं, पंपही तिथेच असतो आणि समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्हही. हा व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय बोट पाण्यात सोडत नाहीत.

बोट नारळी पौर्णिमेला सोडायची ठरली होती. चीफच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातून नारळ सोडायचा होता.

चीफ म्हणजे मर्चंट नेव्हीतले निवृत्त चीफ इंजिनियर. गाव पालीच्या आतल्या बाजूला. उभं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं. काकूंनी घर, शेती, मुलं, सासूचं आजारपण, सगळं एकटीनं काढलं. नवऱ्याच्या कुठल्याही बोटीला त्या बोट म्हणत नसत, "ही माजी सवत" म्हणत. निवृत्तीनंतर चीफनी एक जुनी मोटर यॉट घेतली आणि दुरुस्तीला आमच्या खाडीकाठच्या यार्डात आणली. एकदा तरी बायकोला समुद्रावर न्यायचं, एवढीच त्यांची हौस. काकू ढिम्म हलायला तयार नव्हत्या.

मग रस्ता रुंदीकरणात त्यांच्या परड्यातला फणस गेला. तो काकूंनी लावलेला, चीफ पहिल्यांदा जहाजावर गेले त्या वर्षी. ठेकेदाराच्या माणसांनी बराचसा लॉरीत भरून नेला. चीफनी भांडून बुंध्याचा एक तुकडा ठेवून घेतला, त्याच्या फळ्या पाडल्या आणि माळ्यावर वाळत टाकल्या. त्या फळ्यांकडे बघून एक दिवस काकू म्हणाल्या, "माज्या फणसावर पाय ठेवीन. तुमच्या बोटीवर नाय ठेवणार." चीफना तेवढं पुरेसं होतं.

खरं तर बोटीच्या आत मी व्हिनाइल, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सुचवते. ओल पीत नाही, वजनाला हलकं, पाय घसरत नाही. चीफना सुचवायच्या भानगडीत मी पडले नाही. म्हटलं, "आपण व्हेनियर करू. फळीचे पातळ काप काढायचे आणि मरीन प्लायवर चिकटवायचे. काप पातळ असला की तो फुगला तरी प्लाय त्याला धरून ठेवतो. शिवाय निम्मं लाकूड पुढच्या दुरुस्तीला उरेल."

"म्हणजे फणसाचे पापड लाटायचे?" चीफ म्हणाले.

"पापडच टिकतात, चीफ."

"तिला सांगायचं फणस, आणि आत प्लाय? जन्मभर तिला मी एवढंच सांगत आलो, येतो म्हणून, आणि आलो नाही. आता परत फसवणार नाही. सॉलिड फळी टाका."

मी यार्डाच्या मालकांकडे गेले. त्यांनी फोनवरून मान वर केली. "क्लायंटला सॉलिड पाहिजे तर सॉलिड. वजन बसतंय?"

"वजन बसतंय. ओल बसत नाही."

"मग ओलीचं बघून घे," म्हणाले आणि परत फोनमध्ये गेले.

ओलीचं मी बघितलं. फळ्या मीटर लावून तपासल्या, चांगल्या कोरड्या होत्या. जिथे बसवायच्या त्याच सलूनमध्ये त्या आधी पडू दिल्या, म्हणजे लाकडाला तिथली हवा सवयीची होते. कडेनं भिंतीशी फट सोडली. पावसाळ्यात लाकूड अंग पसरतं, त्याला जागा लागते. वरून पट्टी मारली की फट दिसत नाही.

फळ्यांना रंधा मारत होतो तेव्हा काकू यार्डात आल्या होत्या. बोटीकडे त्यांनी बघितलंही नाही. खाली ठेवलेल्या एका फळीवर चप्पल काढून उभ्या राहिल्या. पिवळंधमक लाकूड, त्यात एक काळा वळ. "हय मी कोयती मारून ठेवायची," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "बाय, ह्याला तुम्ही काय म्हंता?"

"सोल."

त्या खुदकन हसल्या. "सोलं आमी वाळवतो नि बरणीत भरतो. झाकण घट्ट लावलं का पावसाळाभर काय व्हत नाय त्यांना."

आम्ही सगळे हसलो. चीफही हसले. कोकमाची सोलं कुठे आणि बोटीचं सोल कुठे. त्या वेळी तो नुसता विनोद होता.

जमीन बसली. एवढी देखणी जमीन मी पुन्हा केली नाही. तेलपाणी झाल्यावर ऊन आत आलं की सगळं सलून मधासारखं पिवळं व्हायचं. पावसाच्या आधी बोट यार्डात वर घेतली आणि मला गोव्याच्या एका कामावर जावं लागलं. निघताना चीफना सांगितलं, हवेच्या झडपा उघड्या ठेवा आणि डीह्युमिडिफायर चालू ठेवा. हे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र. त्यांनी मान हलवली. इंजिनरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला हवा खेळती ठेवायला मी काय शिकवणार?

पण पाऊस लागल्यावर चीफ चीफ राहिले नाहीत, पालीचे झाले. आमच्याकडे पावसाआधी शाकारणी करतात. घराची पडवी, होडी, लाकूडफाटा, सगळं झापांनी, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांनी झाकतात. चीफनी लहानपणी हे दर वर्षी केलेलं. त्यांनी मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलरवर घालतात ती निळी ताडपत्री आणली. अख्खी बोट गुंडाळली, दोरांनी आवळली. झडपांत बोळे कोंबले. विजा चमकायला लागल्या तेव्हा यंत्राचा प्लगही काढला. विजेत प्लग काढायचा, हेही आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वॉचमन मला नंतर कौतुकानं सांगत होता, "एक थेंब आत जायचा नाय, असा बांदलानी."

एक थेंब आत गेला नाहीच. आतला बाहेरही गेला नाही. झापांतून वारा खेळतो, प्लास्टिकमधून नाही. बिल्जमध्ये थोडं पाणी कायम राहतंच. पावसाची उघडीप झाली की ताडपत्री तापायची, ते पाणी वाफ होऊन वर यायचं आणि फणस ते प्यायचा. मी सोडलेली फट भरून गेली. पुढे जागा नव्हती म्हणून फळ्या वर उचलल्या.

मी गोव्याहून आले आणि ताडपत्री सोडली तेव्हा कुबट वास नाकात गेला. चीफ मागे होते.

झाकण आपल्या चौकटीत असं घट्ट बसलं होतं की पटाशी वाकली. मी करवत मागवली. चीफनी चपला खाली ठेवल्या.

"कापायलाच लागेल?"

"व्हॉल्व्ह खाली आहे, चीफ."

"कापा." मग म्हणाले, "माझ्या इंजिनरूमचे हवेचे ब्लोअर कुणी बंद केले असते तर आकाशपाताळ एक केलं असतं मी. इथे मात्र डोक्यात तिची ती बरणीच होती. झाकण घट्ट लावलं की काही होत नाही."

"बरणी आतून ओली होती," मी म्हटलं. एवढं तोंडातून जायला नको होतं. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

मी बाकीच्या फळ्या काढून वाळवून बघितल्या. डाग खोलवर गेले होते, निम्म्या तडकल्या. उरलेल्यांत साधं पॅसेजपुरतं लाकूड निघेना, आणि त्या झाडाचं दुसरं लाकूड जगात नव्हतं. काकूंना यार्डात बोलावून मी व्हिनाइलचा तुकडा दाखवला. हुबेहूब फणस, रेषासुद्धा तशाच. त्यांनी तो खाली ठेवला, त्याच्यावर पाय ठेवला आणि लगेच उचलला.

"थंड लागता गो," म्हणाल्या.

नारळ त्यांनी खाडीच्या धक्क्यावरूनच सोडला. चीफनी आग्रह केला नाही. दिवाळीनंतर त्यांनी बोट विकली. नव्या मालकाला मीच व्हिनाइल घालून दिलं. अजून एक पट्टी हललेली नाही. काम म्हणून ते चांगलंच आहे, पण त्या सलूनमध्ये जायला मला आवडत नाही. एकदा तरी, निदान भाट्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत, त्या दोघांना त्या पिवळ्या जमिनीवर बसलेलं बघायचं होतं मला. ते राहून गेलं आणि त्याचं वाईट वाटणं कमी होत नाही.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकच सांगते. आधी बिल्ज पुसून कोरडं करा, मग झाकायचं बघा. बरेच जण ऐकत नाहीत.

कापलेलं झाकण मी ठेवून घेतलं होतं. कोयतीचा वळ नेमका त्याच्यावर होता. कडा तासल्या, खाली दोन पट्ट्या मारल्या आणि पाट करून पालीला नेऊन दिला. उचलायची पितळी कडी तशीच ठेवली. चीफ टेबलावर जेवायचे. गुडघे साथ देत नव्हते, तरी त्या दिवशी पाटावर बसले. काकू वाढत होत्या.

परवा त्या बाजूला गेले होते म्हणून डोकावले. पाट स्वयंपाकघरात खिडकीखाली भिंतीला टेकून उभा होता. मी विचारलं, वापरत नाही का?

"रोज बसतात त्याच्यावर," काकू म्हणाल्या. "जेवान झालं का कडीला धरून उचलतात नि हय उभा करतात. वारा लागाया हवा म्हंतात."