सुलेखाच्या तीन दुर्बिणी

पिस्कॅटवेच्या सुलेखा मेश्रामच्या बेसमेंटमध्ये मिक्सरपासून टीव्हीपर्यंत प्रत्येक वस्तूचं खोकं जपून ठेवलेलं असे, आतल्या थर्माकोलसकट. न जाणो, परत करायची वेळ आली तर? या देशात आवडली नाही तर वस्तू दुकानदार परत घेतो, हे कळल्यापासून आपल्या माणसांनी त्या सोयीचं अगदी सोनं केलंय. त्यात सुलेखा सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळे, आणि घरी ती तेच काम फुकट करी.

नागपूरला कॉलेजात असताना तिनं एनसीसीत नेमबाजीचं पदक मिळवलं होतं. मग लग्न, व्हिसा, मुलं, ग्रीन कार्ड. वीस-बावीस वर्षांत रायफलीला हात लागला नाही. २००६ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागली, तेव्हा नवरा धम्मदीप म्हणाला, "म्हणजे आता तुझ्याशी भांडणंही बंद!" ऑक्टोबरात तीनशे यार्डांची स्पर्धा होती. सुलेखाला तीत उतरायचं होतं, आणि त्यासाठी रायफलीवर बसवायला दुर्बीण हवी होती.

रूट अठ्ठावीसवर स्टॅनचं दुकान होतं. सत्तरीचा हा म्हातारा शिकारी गिऱ्हाइकाला आधी एकच विचारी, "हरणाला की कागदाला?" हरीण झुंजूमुंजू उजेडात दिसतं, म्हणून शिकाऱ्याला अंधुक प्रकाशातही स्वच्छ दाखवणारी काच लागते. दुपारच्या उन्हातल्या कागदी लक्ष्याला ती अडचण नाही. सुलेखा घरून चौदा दुर्बिणींचा एक्सेल तक्ता करून आली होती. तिनं त्यातली सगळ्यांत जोरदार, चोवीसपट मोठं दाखवणारी मागितली. स्टॅननं नऊपटीची पुढे केली. "चोवीसपटीत कागदापेक्षा तुझी स्वतःची धडधडच जास्त दिसेल," तो म्हणाला. सुलेखानं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ती सुलेखा कसली!

चार दिवसांनी चोवीसपटीची परत आली. काचेत धुळीचे कण तरंगतात, ही तक्रार. स्टॅननं हूं की चूं न करता ठेवून घेतली. दुसऱ्या कंपनीची तीन दिवसांत परत. कण आहेतच, शिवाय कडेला वीज चमकल्यासारखं होतं. आता मात्र तिनं मुकाट्यानं नऊपटीची, म्हणजे तिसऱ्याच कंपनीची, नेली, आणि तीही दोन दिवसांत खोक्यात घालून आणली. सोबत छापील रिपोर्ट: कण, चमक, आणि खाली डावीकडे पदर ओढल्यासारखी काळी सावली.

स्टॅननं रिपोर्ट दोनदा वाचला. मग दुर्बीण काढून खिडकीतून पलीकडच्या बेकरीची पाटी पाहिली.

"आता तू बघ. डाव्या डोळ्यानं."

सुलेखानं पाहिलं. पाटी लख्ख होती.

"आता दुर्बीण ठेव. डावा डोळा झाक आणि नुसत्या उजव्यानं बघ."

पाटीची खालची डावी बाजू नव्हतीच. काळा पदर तिथंच होता.

"तीन कंपन्या एकच चूक करत नाहीत," स्टॅन म्हणाला. "माझ्या भावालाही शनिवारी अशीच सावली दिसली होती. तो सोमवारपर्यंत थांबला. त्याचा डोळा गेला." भर दुपारी त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि तिला आपल्या ट्रकमधून थेट डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं.

डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन झालं. आणखी दोन दिवस गेले असते तर दृष्टी वाचली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं. धम्मदीपनं बाहेर बसलेल्या स्टॅनचे दोन्ही हात धरले. इतकी वर्षं इंग्रजीतच पोट भरणाऱ्या त्या माणसाला 'थँक यू'च्या पुढे शब्द सुचेना.

स्पर्धा अर्थातच हुकली. ऑपरेशननंतर पडदा नीट चिकटावा म्हणून सुलेखाला कित्येक दिवस पालथं पडून राहावं लागलं. उशीत तोंड खुपसून ती एकच विचार करी: जन्मभर आपण लोकांच्या चुका दाखवल्या, आणि आपली चूक दाखवणाऱ्यानं आपला डोळा वाचवला. त्या विचारानं तिला रडू येई, आणि आत कुठंतरी फार बरंही वाटे.

वसंतात डॉक्टरांनी, उजव्या डोळ्याला धक्का नको म्हणून, डाव्या खांद्यावरून नेम धरायची परवानगी दिली. सुलेखा घरच्या सांबारवड्यांचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्यांचा, डबा घेऊन स्टॅनकडे गेली. त्यानं एक वडी तोंडात टाकली, तिखटानं लाल झाला, तरी दुसरी उचलली. मग काउंटरखालून नऊपटीची दुर्बीण काढली. खोक्यावर चिठ्ठी होती: सुलेखाची. विकायची नाही.

"सहा महिने ठेवलीत?" सुलेखानं विचारलं. "मी येणार हे कशावरून?"

"तू तर नेहमीच परत येतेस," स्टॅन म्हणाला.

सुलेखा हसली, डोळे पुसले. दोन्ही. मग खोक्यातून दुर्बीण काढून पर्समध्ये ठेवली आणि रिकामं खोकं, थर्माकोलसकट, त्याच्याकडे सरकवलं.

"हे तुमच्याकडेच राहू दे," ती म्हणाली.