स्वतःचेच किल्ले पाडणारा राजा

पुण्याहून निघताना सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात आडवे आले. "काका, पुनर्विकासाला फक्त तुमची सही राहिली आहे." सिंगापूरहून आल्यावर बघू, म्हणत मी सटकलो. माझ्या दिवंगत बायकोने, सुमनने, जिथे उभा संसार केला ती बिल्डिंग पाडायला मी सही देऊ?

सिंगापुरात पासिर रिसला मुलीकडे, मीराकडे पोचलो. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर एकटाच खालच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांचा बाजार) गेलो. काया टोस्ट (नारळ-अंड्याचं गोड सारण लावलेला पाव) आणि कॉफी घेऊन बसलो. टेबलावर कोणीतरी टिश्यूचं पाकीट विसरलं होतं. त्यातल्या एकाने मी तोंडही पुसलं.

"ही जागा माझी आहे," हातात ट्रे घेऊन आलेला गोरा म्हातारा म्हणाला. इथे पाकीट ठेवून जागा धरतात. एसटीत रुमाल टाकण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे कळू नये! मी ओशाळून उठलो, तर त्याने बसवून घेतलं. नाव अँगस, इथल्याच तुआसच्या गोदीतून निवृत्त झालेला.

"म्हणजे तुम्ही इंग्रज."

"स्कॉटिश!" त्याने चमचा आपटला.

मग इतिहास सुरू झाला. स्कॉट मूळचे आयर्लंडहून आलेले, इंग्रज जर्मनीच्या बाजूने. मग बेटावर आधी कोण होतं? ते आणखी तिसरेच. पुढे लढाया. इंग्रजांचे ओळीने तीन राजे एकाच नावाचे, स्कॉटिश सरदारांच्या जमिनी इंग्लंडात. कोण कोणाच्या बाजूने, मला पत्ता लागेना. शेवटी मराठी माणूस विचारणार तेच विचारलं. "किल्ले किती होते?"

"पुष्कळ. आमच्या राजाने ते परत घेतले आणि पाडले."

"इंग्रजांचे?"

"आमचेच."

मला ठसका लागला. "वेड लागलं होतं का त्याला?"

"नाहीतर शत्रू पुन्हा येऊन बसला असता. किल्ला गेला तरी मुलूख आपलाच राहतो."

संध्याकाळी मीराला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्हीपण सही करून टाका ना. आई काय त्या भिंतींत आहे?"

"तुला नाही कळायचं," मी चिडलोच. खरं तर मलाच कळत नव्हतं. माझ्या घरात कोणता शत्रू येऊन बसणार होता?

पुण्याला परतलो, कुलूप काढलं आणि सवयीने हाक मारली, "सुमन, आलो गं."

आतून फक्त कोंदट वास आला. मी दारातच उभा राहिलो. ती गेल्यापासून या घरात तिचं नसणंच ठाण मांडून बसलं होतं, आणि मी त्याची राखण करत होतो.

बॅग तिथेच ठेवून सेक्रेटरींची बेल वाजवली. "सही करतो," म्हटलं. "बरोबर करतोय का, ते मात्र विचारू नका."