खडकावरची माती

पेशव्यांच्या पुण्यात मी शिकायला आलो, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात गुरुजींच्या अंगणात मातीचा एक ढीग केला. पागोळ्यांखालून वाहून आलेली माती मी रोज सकाळी ओढून कोपऱ्यात लावत असे. कुणी सांगितलं नव्हतं. माती वाहताना दिसली की हात आपोआप जात.

गुरुजींच्या पत्नींना आम्ही विद्यार्थी काकू म्हणायचो. त्यांनी विचारलं, "हे वारूळ कुणाचं?"

"माझं."

"पुण्यात मातीचा दुष्काळ पडल्याचं ऐकलं नव्हतं हो!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा माती ओढली.

आमचं गाव कोकणात, समुद्रात शिरलेल्या काळ्या डोंगरावर. दगड जळका, भोकाभोकांचा. पृथ्वीच्या पोटातली आग वर आली आणि तिचाच हा डोंगर झाला, असं आमची म्हातारी माणसं सांगत. त्या खडकावर बांध घालून, खालच्या घळीतली माती टोपल्यांनी आणून लहान लहान शेतं केलेली. त्यात नाचणी आणि वरी. पावसाळ्यात बरीचशी माती पुन्हा घळीत उतरते. उन्हाळ्यात ती डोक्यावरून परत वर न्यायची. ज्या घरचं माणूस नेणार नाही, त्याचं शेत गाव दुसऱ्याला देतं. यात राग नसतो. खडक उघडा ठेवणं कुणालाच परवडत नाही.

वडील गेल्यापासून हे काम आई करत होती. पुढच्या चैत्रात मिठाचे बैल घेऊन घाट चढून आलेल्या माणसाने निरोप दिला, की आईचे गुडघे धरलेत.

घरातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. भीत भीत गुरुजींकडे गेलो.

"जा की," ते म्हणाले. "पाठ थांबणार नाही. आलास की धाकट्यांच्या ओळीत बसायचं, पहिल्यापासून."

"बसेन."

"आणि हे सगळं टोपलीभर मातीसाठी?"

"टोपल्या पुष्कळ आहेत, गुरुजी."

ते म्हणाले, "नीघ."

गावात पोचलो, तर घळीच्या तोंडाशीच शेजारचे काका भेटले. "काय शास्त्रीबुवा, मंत्र म्हटला की माती चढते का वर?"

"नाही ना, काका. म्हणून तर आलो."

टोपल्या वाहून मान आखडली, टाळू सोलून निघाली. आई बांधावर बसून मी ओतलेली माती हाताने पसरत होती. एकदा म्हणाली, "सोडून दे रे शेत. तुझं शिकणं मोडेल."

"दोन्ही मोडू देणार नाही," मी म्हणालो. खात्री नव्हती. पण बोलून बसलो होतो, आता करणं भाग होतं. चढताना पाठ म्हणत असे. जिथे अडे तिथून मागे येऊन, दम लागलेला असतानाच पुन्हा म्हणत असे.

शेवटी शेत भरलं का, ते गावची माणसं बघायला आली. काकांनी मातीत कोपरापर्यंत हात घातला. "यांचं शेत यांच्याकडेच," ते म्हणाले.

पुण्यात परतलो आणि मुकाट्याने धाकट्यांच्या ओळीत बसलो. गुरुजींनी म्हणायला सांगितलं. जिथे सोडून गेलो होतो, तिथपर्यंत न अडता म्हटलं.

"पुढच्या चैत्रातही जाणार?"

"हो, गुरुजी. दरवर्षी."

"मग बसलास काय? पुढे सरक. तुला इतरांपेक्षा वेळ कमी आहे."