लागलं, तर ज्याचं त्याने सांगायचं

उत्तम खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक. माईकवरून तो गाड्या पुकारायचा, आणि अशा पुकारायचा की गुहागर म्हणताना खारा वारा यावा, जुन्नर म्हणताना डोंगर उभा राहावा. गेल्या वर्षी त्याची बायको रतन आजारात गेली. तेव्हापासून सगळी गावं एका सुरात निघू लागली. तो रडला नाही. तेराव्यालाही नाही. आत दुःख साचलंय म्हणावं तर तसंही नव्हतं. भात कापून नेल्यावर शेत पडून असतं, तसं सगळं सपाट झालं होतं.

रतनचा धाकटा भाऊ केदार डोंबिवलीचा. त्याला हे बघवेना. एका संध्याकाळी तो मोहने गावात उत्तमच्या घरी आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी, कसला तरी छंद लावून घ्या. मी एअरसॉफ्ट पण खेळतो, पेंटबॉल पण. दोन्ही बघा, आवडेल तो धरा."

"या वयात बंदूक घेऊन पळू?"

"पोटं सुटलेले बँकवाले पळतात तिकडे. तुम्हाला काय झालंय?"

उत्तमची मुलगी रुचिता स्वयंपाकघरातून ओरडली, "मामा, ने त्यांना. नाही म्हणाले तरी ने."

पहिला रविवार एअरसॉफ्टचा. टिटवाळ्याच्या पलीकडे एक पडकी शेड होती, तिथे ही मंडळी जमायची. डोळ्यांना जाड चष्मा आणि हातात खऱ्यासारखी दिसणारी बंदूक. गोळी मात्र वाटाण्याएवढी, प्लास्टिकची. ती लागली तरी कपड्यावर खूण उरत नाही. म्हणून ज्याला लागली त्यानेच हात वर करायचा, 'हिट' म्हणायचं आणि बाहेर जायचं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. या रिवाजाचा त्यांना भारी अभिमान.

"इथे अंपायर नसतो, काका," त्यांचा म्होरक्या प्रणित म्हणाला. "आपला शब्द हाच अंपायर."

उत्तमला ते पटलं. दिलेल्या शब्दाला तो जन्मभर जागला होता.

खेळ सुरू झाला. उत्तम पिंपांच्या आडून पुढे सरकत गेला. आजूबाजूला पत्र्यावर टिकटिक वाजत होतं. एकेक जण हात वर करून बाहेर पडला, हा मात्र उभाच. दुसरा डाव झाला, तिसरा झाला, तरी तेच. पाणी प्यायला सगळे थांबले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काका चिलखत घालून आलेत वाटतं!" हशा झाला. प्रणित हसला नाही. तो केदारकडे वळला. "तुझ्या दाजींना नियम नीट समजलाय ना?"

केदारचे कान लाल झाले. त्याने उत्तमला बाजूला घेतलं. "खरं सांगा दाजी, एकदाही नाही लागली?"

"लागली असती तर सांगितलं असतं रे."

केदारने त्याला बाइकवरून घरी सोडलं आणि आत न येताच निघून गेला.

घरी उत्तमने शर्ट काढला आणि रुचिता मागून किंचाळली, "बाबा! पाठ बघा तुमची!" पाठीवर, दंडावर, मानेखाली लाल टिपके उठले होते. तिने आरशासमोर उभं केलं तेव्हा त्याला दिसले. त्याने एकावर बोट दाबलं. रुचिता रडत होती. चार लोकांत आपण लबाड ठरलो, आता लाज वाटेल, असं त्याला वाटलं. रद्द झालेल्या गाडीची वाट बघावी तशी त्याने लाजेची वाट बघितली.

मग केदारला फोन लावला. "मला लागल्या होत्या. पुष्कळ. त्यांना सांग."

"मग बोलला का नाहीत?"

"कळलंच नाही."

केदार म्हणाला, "पुढच्या रविवारी पेंटबॉल."

ते मैदान घोडबंदर रोडच्या बाजूला. तोंडावर मोठा मुखवटा, बंदुकीत रंग भरलेल्या गोळ्या, आडोशाला टायरांच्या राशी. उत्तम एका राशीमागे वाकतोय तोच छातीवर काहीतरी फुटलं. शिट्टी वाजली आणि मैदानावरचा पंच ओरडला, "काका आउट!" उत्तमने मान खाली घालून पाहिलं. शर्टावर नारिंगी रंग ओघळत होता. दुखलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. तो चालत जाळीबाहेर आला आणि बाकावर बसला.

थोड्या वेळाने केदारही रंगून बाहेर आला. "बोला, कुठला धरायचा?"

"हा."

"अहो, प्रणित सॉरी म्हणालाय. परत या म्हणतोय. खरी मजा तिकडेच आहे, दाजी."

"असेल. पण तिथे मला सांगावं लागतं." उत्तमचा आवाज हल्ली डेपोतल्या माईकवर असतो तसाच होता. "मला नाही सांगता येत. इथे त्यांना दिसतं."

केदार बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. आतून पुढच्या डावाची हाक आली. रंग पुसल्याशिवाय आत घेत नाहीत, म्हणून त्याने फडकं पुढे केलं.

"राहू दे जरा," उत्तम म्हणाला. "तू हो पुढे."

केदार गेला. उत्तम तो डाव बाहेरच बसून राहिला, छातीवरचा रंग वाळेपर्यंत.