चिठ्ठीभोवतीची बांगडी

ती तक्रार मला आजही शब्दन् शब्द आठवते. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर निम्मे पोलीस तिकडं गेले होते आणि तुमसर भागातल्या आमच्या ठाण्यावर कामाचा ढीग होता. त्यात एक धान्य-व्यापारी अर्ज घेऊन आला. एक बांगडीवाली पैसे घेऊन गावोगाव चिठ्ठ्या पोचवते; इंग्रजांच्या टपाल कायद्याने तो हक्क फक्त सरकारचा, तिला आत टाका. कलमसुद्धा लिहून आणलं होतं. एवढा कायदाप्रेमी तक्रारदार दिसला की माझे कान टवकारतात.

मोहाडीच्या आठवडी बाजारातून बाईला ठाण्यात आणलं. साठीची, ताठ. पंचांसमोर टोपली उघडली. तळाशी सात चिठ्ठ्या, प्रत्येकीभोवती एक बांगडी. पत्ता एकीवरही नाही.

“पत्त्याशिवाय कशा पोचवता?”

“मले वाचता येत नाही, साहेब. ज्या पोरीची चिठ्ठी, तिच्या मापाची बांगडी. माप पाहिलं का पोरगी आठवते, पोरगी आठवली का तिची माय.”

“पैसे?”

“लेकीचा निरोप मायले द्याचे पैसे काहून घेऊ?”

हवालदाराने गावांत जबाब घेतले. कोणीच पैसे दिले नव्हते. आपल्या वाटेने जाताना फुकट नेलेली चिठ्ठी त्या कायद्यातही गुन्हा नाही. मी बाईला जायला सांगितलं. ती उठेना. लाल बांगडीची चिठ्ठी तिने पुढे सरकवली.

“हे तुमच्या तक्रारवाल्याच्या सुनेची. लग्नात अडीचची बांगडी चढवता चढवता थकली होती मी. आता सव्वादोनची कोपरापर्यंत सरकते. उपाशी ठेवून राहिले पोरीले. हे आजच पोचली पाहिजे.”

मला स्वतःची लाज वाटली. इतका वेळ मी कलम घोटत बसलो होतो. महिला शिपायाला घेऊन, पुरवणी जबाबाच्या निमित्ताने, व्यापाऱ्याच्या घरी गेलो. सून पाणी घेऊन आली. तिचं मनगट पाहिलं आणि शंका उरली नाही. वेगळ्या खोलीत तिचा जबाब झाला. सासऱ्यावर आणि नवऱ्यावर गुन्हा दाखल केला.

तेव्हापासून कुठलाही अर्ज आला की आरोपीच्या आधी मी अर्जदाराची चौकशी करत आलो. त्यात कधी पस्तावलो नाही.

त्या संध्याकाळी बांगडीवालीला सोबत घेऊन आम्ही मुलीला माहेरी पोचवलं. चिठ्ठी मी उघडली नव्हती. मायनेही ती घेतली नाही. लेकीचा हात धरून ती रडत राहिली. बांगडीवालीने चिठ्ठीवरची बांगडी काढून टोपलीत टाकली.

“राहू दे हे,” ती म्हणाली. “दिवाळीले अडीचची आणीन.”